ड्रम हुंगणारा माणूस

धुळ्यात जुन्या लोखंडी ड्रमच्या भट्ट्या करून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. एका जागी उभा राहील तर शपथ! बोलतानाही बोटांनी पत्रा वाजवत असतो. कापताना आत उरलेली वाफ पेटू नये म्हणून तो ड्रम आधी पाण्याने भरतो, आणि त्याही आधी तोंडाशी नाक नेऊन हुंगतो.

भरीत पार्टीची वांगी भाजायला भट्टी हवी होती, म्हणून मी शेतातला ड्रम नेला. हुंगताच तो मागे सरला.

"यामा काय व्हतं, भाऊ?"

"कपाशीचं औषध. दोन ड्रम होते. हा तीनदा धुतलाय."

"औषध नका म्हनू. जहर शे ते. तापनं की बठ्ठं, सगळं, वांगामा उतरी."

मी काही म्हणायच्या आत त्याने घण उचलला आणि ड्रम पार चेपून टाकला. मी चिडलो, नको ते बोललो. त्याने ते ऐकलंच नाही. पत्र्यावर बोटं वाजवत एवढंच विचारलं, "यानी जोड कोठे शे?"

जोडीचा ड्रम आम्ही पाचदा धुतला होता. तो स्वयंपाकघराच्या दाराशी होता, पिण्याच्या पाण्याने भरलेला.