परत पाठवलेलं ताट

काय हसायचं ते आधीच हसून घ्या, म्हणजे मधे कॉफी सांडणार नाही. मी जो पराक्रम सांगणार आहे तो आमच्या तंजावूरला अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात. आणि वर मलाच ऐकवतात!

साठ सालानंतरचे ते दिवस. जिकडेतिकडे विकास चाललेला. योजना, खतं, सहकार! सरकारला सल्ला द्यायला जिल्ह्यात एक मंडळ नेमलं. गिरणी कुठे काढावी, रस्ता कुठून न्यावा, हे आम्ही सुचवायचं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, म्हणून माझीही वर्णी लागली. आता मास्तराला अधिकार मिळाला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्याच बैठकीत मी उठलो आणि म्हणालो, "सल्ला देणाऱ्यांनाही नियम हवेत!"

अध्यक्ष एक वयस्क तमिळ वकील होते. फार सज्जन माणूस, मला तमिळ धाटणीने सरऐवजी 'सार' म्हणायचे. म्हणाले, "मग तुम्हीच लिहा, सार."

लिहिले! बैठकीची दारं उघडी राहतील, ज्याला ऐकायचंय त्याने मागच्या बाकावर येऊन बसावं. सदस्याचा कशात हितसंबंध असेल तर त्याने तो उभं राहून सांगावा आणि तो विषय संपेपर्यंत बाहेर बसावं. अर्जदाराकडून सुपारीचं खांडही घेऊ नये. आणि कोणी काही द्यायला आलाच, तर ते बैठकीत सर्वांसमक्ष जाहीर करावं. हा शेवटचा नियम मला इतका आवडला होता की कोणीतरी काहीतरी घेऊन यावं, म्हणून मी मनातून वाटच बघत होतो. खोटं कशाला बोलू?

घरात तर मी उच्छाद मांडला. शेजारणीने वाटीभर रसवांगी पाठवली, तर मी विचारलं, "हिच्या नवऱ्याचा काही अर्ज आहे का?" आमच्या सौभाग्यवतीने, कमलाने, कपाळाला हात लावला.

त्याच सुमारास ती मला काहीबाही सांगत असायची. मी त्या नियमांचा तमिळ तर्जुमा करण्यात बुडालेला.

"अहो, ओरत्तनाडूचे शुक्रवारी येतील म्हणे."

"हूं."

"मामांनी सगळं जमवून आणलं आहे."

"हूं."

"आपल्या पद्माच्याही मनात आहे हो."

"हूं, हूं."

बायकोला नुसतं हूं म्हणणं किती धोक्याचं असतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी मंडळाची बैठक होती, म्हणून मी कोट घालून तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारच्या ओट्यावर, पेपर वाचत बसलो होतो. गल्लीत घोड्याचा जटका येऊन थांबला. उतरले कोण? ओरत्तनाडूचे स्वामिनाथराव! आपल्यातलेच, मराठी, घरची शेतीवाडी. त्यांच्या गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी भातगिरणीसाठी अर्ज केला होता आणि त्या अर्जावर पहिली सही यांची. अर्ज मंडळापुढे कित्येक महिने पडून होता. का पडून होता? कारण प्रत्येक बैठकीत मी नवी शंका काढायचो!

त्यांच्या हातात हे एवढं पितळी ताट. नारळ, केळी, विड्याची पानं, हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा, आणि सगळ्यावर जरीकाठी रेशमी साडी. जटक्यात मागे कोणी बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. माझी नजर ताटावर. आला! आला रे आला, एकदाचा आला!

"नमस्कार सेतुराव," ते हसत म्हणाले. "हे घ्या. नाही म्हणूं नका."

"लाज नाही वाटत? अशा दिवसाढवळ्या?"

ते गोंधळले. "दिवसाढवळ्याच आणतात की हो! राहुकाळ टाळून आलों."

"घेऊन जा ते ताट! या घरातून तुम्हाला काही मिळायचं नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही! आणि पुन्हा या उंबऱ्याशी यायचं नाही!"

गल्लीतली दारं पटापट उघडली. स्वामिनाथरावांचा चेहरा उतरला. ते वळले आणि जटक्यात जाऊन बसले. मी वहाणा पायात सरकवल्या आणि तडक बैठकीला निघालो. मागून कमला काहीतरी ओरडत धावत आली. मी हात वर केला. "कौतुक संध्याकाळी!"

बैठकीत मागच्या बाकावर स्वामिनाथराव बसलेले. गिरणीचा विषय त्या दिवशी निघणार होता, येणं त्यांना भागच होतं. मी म्हटलं, काय हा निर्लज्जपणा! आणि उभा राहिलो.

"अध्यक्षमहाराज, आज सकाळी मला लाच देण्याचा प्रयत्न झाला!"

अध्यक्ष म्हणाले, "काय देत होते?"

"नारळ होता, केळी होती."

"बरं."

"भारी रेशमी साडी!"

"अरेरे."

"मोगऱ्याचा गजरा!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "गजरा?"

"आणि हळदकुंकू!" मी टेबलावर मूठ आपटली.

अध्यक्ष पुढे वाकले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात तमिळमध्ये विचारलं, "सार, वीट्टुल कल्याणत्तुक्कु पोण्णु इरुक्का?" घरात लग्नाची मुलगी आहे का?

"आहे की! पण तिचा इथे काय..."

शुक्रवार. मामा. पद्माच्याही मनात. अरे देवा! आमच्याकडे मुलाची माणसं असं ताट घेऊन मुलीच्या दारी येतात, ती सोयरीक पक्की करायला. ताट ठेवून घेतलं की होकार. परत पाठवलं की नकार, आणि मग त्या घरची पायरी कोणी चढत नाही. मी तर वर उंबऱ्याची बंदीही घालून बसलो होतो!

सभेत काय हशा पिकला म्हणता! शिपाईसुद्धा भिंतीला टेकून हसत होता. हसत नव्हते ते दोघेच, मी आणि स्वामिनाथराव. अध्यक्षांना दया आली. त्यांनी बैठक पुढे ढकलली.

घरी कमला दारातच उभी होती. "या! कौतुक करायचं राहिलंय. पोरीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. सारखे नियम करूलालांत नव्हे? आतां हिला दुसरा वर शोधायचा एक नियम करा!"

पद्माच्या खोलीचं दार बंद. मी हाक मारली. आतून एवढंच आलं, "अप्पा, एकदां विचारायचं तरी होतं."

लेकीने आजवर माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं, आणि तिच्या मनातल्या मुलाच्या वडिलांनाच मी गल्लीसमोर हाकलून दिलं होतं.

मी तसाच बाजारात गेलो. ताट भरलं आणि मांडीवर घेऊन ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसलो. स्वामिनाथराव घराच्या ओट्यावर होते. मी समोर जाऊन ताट पुढे केलं. कसाबसा म्हणालो, "नाही म्हणू नका."

त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लाच आहे कां?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"बसा, सेतुराव," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. गिरणीचा अर्ज तुमच्यापुढे पडलेला, आणि मी ताट घेऊन आलों. निकाल लागेतों थांबायला हवं होतं. पण आमची मंडळी मुहूर्ताला अडून बसली. बाकी तुम्ही भर सभेत 'भारी साडी' म्हणालांत, ते तिच्या कानीं आलं आहे. आतां ती तुमच्याच बाजूची!"

आतून बांगड्या वाजल्या आणि कोणीतरी खुदकन हसलं.

दुसरा कोणी असता तर जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. त्या माणसाने माझ्या हातचं ताट घेतलं आणि मला जेवायला बसवलं. पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले. पद्माचा सुखाचा संसार त्यांच्या मोठ्या मनावर उभा राहिला, हे मी आजही चारचौघांत हात जोडून सांगतो.

पुढच्या बैठकीत गिरणीचा विषय निघाला. मी उभा राहिलो. "अर्जदार माझे व्याही होणार आहेत. हितसंबंध जाहीर करतो." आणि नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात गेलो. कॉफी मागवली. ती निवायच्या आत शिपाई बोलवायला आला. एवढे महिने रखडलेला विषय सुटला होता, तोही एकमताने!

अध्यक्षांनी उठून माझे आभार मानले. अगदी मनापासून.

"सार, मंडळाला तुमची इतकी मदत आजवर कधी झाली नव्हती," ते म्हणाले. "बाकीच्या अर्जदारांतही बघा ना, कुठे सोयरीक जमते का!"