हिरव्या साडीची सही

"वन्सं, शेतकरी आमी. तुमी आपल्या शेतात राबता नुसत्या."

हे बोलली माझी भावजय, सुमन. तोंडाला फडकं बांधलेलं, तरी हसू फडक्याबाहेर सांडत होतं. करोनाची टाळेबंदी. पाथर्डीच्या बँकेपुढं खडूनं गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यावर मदत टाकली होती. तिच्या गोलात मोबाईल टुंग वाजला. माझ्या गोलात ऊन.

आमच्या सातबाऱ्यावर अजून माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव. मेलेल्याला मदत नाही अन् जित्या बाईचं नाव नाही. रांगेतली माणसं हसली. मी पदर पुढं ओढला.

लई जळले. सुमनला तूर कोणती अन् तण कोणतं ते विचारा! भावानं माझ्या बापाचं निम्मं रान तिच्या नावावर केलं, म्हणून ती शेतकरी. त्या रानातले दगड मी वेचलेत, परकर खोचून. बांध मी रचलाय.

मग ते रान गेलं कसं? ऐका आमच्या हुशारीची गोष्ट. बाप वारल्यावर भावानं मला तालुक्याला नेलं. आधी भेळ चारली. मग हिरवी काठाची साडी हातात दिली आणि म्हणाला, "आक्का, हितं सही कर. म्हायेर तुटायचं न्हाई." ह्याला हक्कसोड म्हणतात. बहिणीनं वाटा सोडायचा, भावानं साडी नेसवायची. बाकीच्या बाया अंगठा उठवायच्या. मी सातवी शिकलेली, तोरा केवढा! वळणदार सही केली, खाली रेघसुद्धा ओढली. एसटीत साडी मांडीवर घेऊन अशी बसले, जणू रान मीच जिंकून आणलंय. येडी कुठली! पहिल्या धुण्यात रंग उतरला. रान अजून हिरवं आहे.

नात विचारते, "आजी, भेळ तरी नीट खाल्ली का?" खाल्ली. वरून कांदा मागून घेतला.

त्या उन्हात, त्या गोलात डोक्यात लख्ख उजेड पडला. हितं घामानं कुणी शेतकरी होत नाही. नावानं होतं.

टाळेबंदी उठली. पोरगा मला अन् त्याच्या थोरल्या बहिणीला तालुक्याला घेऊन गेला. "आये, बाचं रान माझ्या एकट्याच्या नावावर करू. तुझी अन् ताईची सही लागंल." पिशवीतून दोन साड्या काढल्या. हिरव्याच! लेक साडीचा पदर चाचपायला लागली. मी तिच्या हातावर चापट मारली. साड्या पोराच्या खांद्यावर टाकल्या.

"साडी तू नेस, बाबा. अन् हक्कबी तूच सोड."

कचेरीतली माणसं हसली. ह्या वेळी मी पदर ओढला नाही.

"आये, लोक काय म्हनतील?" पोराचं तोंड लालेलाल. आम्हाला तिथंच सोडून जीपनं एकटा घरी गेला. आम्ही मायलेकींनी तिथंच सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज भरला. आज उताऱ्यावर माझं नाव आहे, लेकीचं आहे, त्याचंही आहे. तो माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

सुमनवर मी अजून जळते. तिचा बांध दिसला की पोटात कोळसा पेटतो. तो मी विझू देणार नाही.

सही मला अजून येते, रेघेसकट. ती आता घ्यायला करीन. सोडायला न्हाई.