भिंतीतला पाइप

घर विकायला काय काय खर्च येतो, हे दलालाने मला फोनवर समजावलं तेव्हा मी सुरतेच्या गॅरेजात टेम्पोखाली आडवा होतो. त्याची दलाली, थकलेली घरपट्टी, मोजणी, कचेरीच्या खेपा. नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, कागदाची धास्ती. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली.

"अजून काही निघणार नाही ना?"

"नाही हो भाऊ. आता काय भिंतीवरच्या पाली मोजाच्या राह्यल्या."

बाभुळगावचं आमचं घर आई गेल्यापासून बंद होतं. किल्ली शेजारच्या चाचीकडे. आईच्या आजारात मला सुट्टी मिळेपर्यंत तिनेच आईला पेज पाजली. आणि तिचा नवरा, आमचे चाचा, त्यांनीच मला हातात पाना धरायला शिकवलं. आज त्यावरच माझं पोट चालतं.

अंगणातल्या बोअरला जागा आमची, मोटर न् पाइप चाचांचे. मधल्या भिंतीला भोक पाडून त्यांनी एक पाइप आपल्या घरात नेला. कागद कुठलाच नाही. आईने मोटर लावून भिंतीवर वाटी वाजवली की चाची पलीकडे भांडी लावायची. चाचा गेले, आई गेली, तरी पाणी तसंच चालू होतं.

गावी येऊन विसारपावती करताना मीच घाईघाईने सांगितलं, 'बोअर, मोटरसह' लिहा. भाव वाढतो म्हणून. मग किल्ली आणायला चाचीकडे गेलो.

"भाव चांगला आला ना रे बाबू?"

"आला, चाची. बोअरमुळे आला," म्हणालो आणि जीभ चावली.

चाची हसली. "तुह्या चाचाची मोटर हाय ते. भाव येईनच." मग किल्ली ओढणीने पुसत म्हणाली, "काल पाइपाले बूच लावून घेतलं. नव्या माणसाचं पाणी आपण कायले घ्याचं?"

तिने दिलेला चहा अर्धाच ठेवला. तसाच उठून घर घेणाऱ्याकडे गेलो, चाचीच्या पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "घेऊ द्या ना. पाण्याले कोण नाही म्हणते?"

"मग खरेदीखतात तेवढं लिहून देता?"

तिथेच बसलेल्या दलालाने मला दंडाला धरून बाहेर नेलं. "काहून भानगड करून राह्यले, भाऊ? लिवलं का घराले अडकण लागली. भाव तुटते. मंग सुरतेची खोली कशी घेता?"

सुरतेला बायको-पोरं गॅरेजच्या माळ्यावर राहत होती. लिहून घ्यायचं मी सोडून दिलं. कचेरीत कॅमेऱ्यासमोर बसून अंगठा दिला. निघण्याआधी भिंतीतल्या पाइपाचं बूच मात्र स्वतः पाना लावून काढलं. चाची बघत होती. "तू मेकॅनिकच राह्यला," एवढंच म्हणाली.

आता आम्ही आमच्या खोलीत राहतो. नळाला दोन वेळा पाणी येतं. बायकोने बादली भरायला लावली की मला तो आवाज ऐकवत नाही, मी बाहेर जाऊन उभा राहतो. उन्हाळा लागला की चाचीला फोन करतो.

"पाणी येते ना, चाची?"

"हौ, येते," ती लगेच म्हणते. "तू जेवला का?"

मीही हौ म्हणतो. बहुतेकदा मी तेव्हा जेवलेलो नसतो.