ओल्या कचऱ्याचा डबा

सकाळी आठला आमच्या सोसायटीत घंटागाडी येते. तिच्यासोबत सरावलीहून येणाऱ्या बाईचं नाव मी चार वर्षांत विचारलेलं नाही. ओला कचरा ती हातमोजा काढून चाचपते. "मोज्यात बोटांना कळत नाय," म्हणते. भाजीच्या देठांत दुधाची पिशवी सापडली की ती वर धरून ओरडते, "तिसरा माळा! ही पिशवी गाय खाणार काय?" खिडक्या-खिडक्यांतून लोक हसतात.

मीही हसायचे. माझे दोन डबे, दोन्हींवर नावं घातलेली, आणि कशात काय टाकायचं याची यादी फ्रिजवर.

परवा घंटा वाजली तेव्हा मी त्या यादीवरचीच धूळ पुसत होते, आणि एकदम आदल्या संध्याकाळी फुटलेला पेला आठवला. पाहुणे दारात होते, म्हणून काचा कागदात न गुंडाळता घाईने ओल्या डब्यात टाकल्या होत्या. डबा तर कधीच खाली गेला होता. मी अनवाणी जिना उतरले. ती माझ्याच डब्यावर वाकली होती, हात उघडा.

"थांबा! काच आहे त्यात!"

ती दचकली नाही. तिने डब्यातून काठी वर काढली. टोकाला चहाचा चोथा लागला होता.

"तुमच्या डब्यात मी हात घालतच नाय, ताई. दिवाळीपासून काठीनंच बघते."

तिच्या अंगठ्यावर लांबट व्रण होता. दिवाळीत फुटलेली माझी लोणच्याची बरणी मला तेव्हा आठवली.