मिस्ड कॉल उचलणारं मशीन

आईचा झेंडूचा धंदा दोन मोबाइल नंबरांवर चालतो. एक नाशकातल्या दुकानदारांसाठी, दुसरा बाहेरगावच्या फूलवाल्यांसाठी. नांदगाव, मनमाड, सुरगाणा, सगळीकडे तोच नंबर. दोन्ही नंबर क्रेटवर ऑइलपेंटने लिहिलेले आहेत.

बाहेरगावची ऑर्डर द्यायची पद्धत अशी, की कुणी बोलत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मिस्ड कॉल येतात. फोन एकदा वाजून बंद झाला तर कालच्याइतका माल, दोनदा वाजला तर दुप्पट. तीनदा वाजला म्हणजे काहीतरी बोलायचं आहे, मग आई स्वतः फोन लावते. कॉल फुकट होऊन वर्षं झाली, तरी ही पद्धत गेली नाही. हातात सुई-दोरा आणि समोर गिऱ्हाईक असताना बोलत कोण बसणार? फोन वाजला की आई बांधावरूनच तोडणाऱ्या बायकांना ओरडते, "नांदगाव दोन गं!" झाली ऑर्डर.

हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. म्हणून पुढचं लिहायला लाज वाटते.

आमच्या जुन्या कंपनीचं नेटवर्क मळ्यात मिळत नसे. आई पाण्याच्या टाकीवर चढून बोलायची. तक्रार केली की उत्तर यायचं, तुमच्या भागात अडचण नाही. मी ग्राहकांच्या हक्कांसाठी पत्रकं काढणाऱ्या गटात काम करते. या विषयावर मीच पत्रक लिहिलं होतं: नंबर तुमचा आहे, कंपनीचा नाही, सेवा नाही तर कंपनी बदला! गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मी ते हाताने वाटलं होतं. मग घरात गप्प कशी बसणार?

"आई, दोन्ही नंबर पोर्ट करू. आपला हक्क आहे."

"नंबर बदलेल का गं?"

"एक आकडासुद्धा नाही."

नव्या कंपनीचा माणूस मळ्यात आला. धंद्यासाठी खास प्लॅन आहे म्हणाला. एकही कॉल वाया जाणार नाही, गिऱ्हाइकाला लगेच उत्तर मिळेल. आईने अंगठ्याचा ठसा दिला, मी फॉर्म भरला. दसरा सोमवारी होता. गुरुवारी नंबर नव्या कंपनीत गेले. मळ्यात चार काड्या रेंज आली. मला अभिमान वाटला, हेही लिहून टाकते.

शुक्रवारी बाहेरगावचा फोन वाजला नाही. आई म्हणाली, लोक दसऱ्यासाठी थांबलेत. शनिवारी तीन वाजले, चार वाजले. रविवारी सकाळी क्रेट एसटीने गेले तरच दसऱ्याला माल पोचणार होता. तोडणाऱ्या बायका टोपल्या घेऊन उभ्या.

"आता किती तोडायचं ते तरी सांगा," त्यांच्यातली एक म्हणाली. "का फुलांनाच विचारू?"

मी माझ्या मोबाइलवरून आईच्या बाहेरगावच्या नंबरला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत एका बाईचा गोड आवाज आला: नमस्कार, आपलं स्वागत आहे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आईच्या हातातला फोन गप्प.

म्हणजे मिस्ड कॉल मिस होतच नव्हता. मशीन उचलत होतं. बोलायला थांबणाऱ्या नाशकातल्या दुकानदारांना ते पुढे आईशी जोडून देत होतं, पण वाजवून ठेवणाऱ्यांचा फोन मळ्यापर्यंत येतच नव्हता.

कस्टमर केअरचा मुलगा सभ्यपणे बोलला. स्वागत बंद करता येईल मॅडम, दोन कामाचे दिवस लागतील. उद्या रविवार, परवा सुट्टी. मी म्हटलं, जुन्या कंपनीत परत जाते. तो म्हणाला, नव्वद दिवस जाता येत नाही, नियम आहे. तो नियम माझ्या पत्रकातही होता, शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. कुणी कॉल केले ते तरी सांगा, म्हटलं. त्याने यादी पाठवली. एकाच नंबरचे लागोपाठचे कॉल त्यात एकाच ओळीत धरलेले. एकदा वाजवलं की दोनदा, तेवढंच नेमकं दिसत नव्हतं.

मग आईने बाहेरगावच्या एकेका फूलवालीला फोन लावायला सुरुवात केली. पण या प्लॅनमध्ये समोरच्याला आईच्या नंबराऐवजी कंपनीचा भलताच नंबर दिसत होता. सणाच्या गर्दीत अनोळखी नंबर कोण उचलणार? माझा नंबरही त्यांना अनोळखीच. सुरगाण्याच्या एका बाईने उचलला आणि म्हणाली, "आम्हाला लोन नाय पाहिजे," आणि ठेवला.

भांडायला माझ्याकडे कुणी नव्हतं. कंपनीने सांगितलं तेच दिलं होतं. नंबर तोच, रेंज चांगली, एकही कॉल वाया नाही. मागणी काय लिहू?

आईने फोन कमरेला खोचला. मग म्हणाली, "सगळ्यांना रोजच्याइतकंच पाठवा. कमी गेलं तर निदान माल नासणार नाही." बायका सऱ्यांमध्ये उतरल्या. अर्धा झेंडू तसाच राहिला.

रविवारी दुपारी नांदगावच्या मावशींनी आदल्या दिवशी माझ्या फोनवरून आलेला नंबर बघून मला फोन लावला. बारा वर्षांपासून त्या आमचा माल घेतात.

"एकच क्रेट आलं, पोरी. मी दोनदा वाजवलं होतं."

"मावशी, चूक माझी आहे. ते मशीन..."

"तुमची ती बाई लय गोड बोलती. पण मी पुढं काय बोलू तिच्याशी? मला वाटलं, तुम्ही धंदा विकला. इथल्याच एकाकडून घेतला माल. त्याला आता वर्षभराच्या मालाचं सांगून बसले." मग म्हणाल्या, "फुलं मात्र चांगली हायेत. आईला सांग."

आई समोरच होती. "काय म्हणाल्या गं?"

"फुलं चांगली आहेत म्हणाल्या."

"मोठी निघालीयेत या वेळी," आई म्हणाली, आणि रिकाम्या क्रेटवरची माती पुसू लागली. उरलेलं मी तिला अजून सांगितलेलं नाही.