टॅक्सच्या वकिलापासून लपवलेला सोफा

माझी फजिती सांगतो, पण आधी चहा संपवा, मला सांगायला वेळ लागतो. एरवी मी फारसा बोलत नाही. त्या दिवशीही बोललो नसतो तर हे घडलंच नसतं.

ताईला पाहायला पुण्याचा मुलगा गोंदियाला येणार होता. बायोडाटावर लिहिलं होतं, कॉर्पोरेट टॅक्स लॉयर. मी नववीतून शाळा सोडलेली. नागरा रोडवर मोटारपंप दुरुस्त करतो. मला त्यातला ‘टॅक्स’ तेवढा कळला आणि मी घरातलं सामान मोजायला लागलो. कारण घरातला सोफा, फ्रीज सगळं माझ्या दुकानाच्या कमाईचं, आणि दुकानात मी कधी कोणाला पावती दिलेली नाही.

“बाबा, हा माणूस बसल्या बसल्या आपला हिशेब लावंल.”

बाबांनी मला समजवायला नको होतं का? पण ते माझ्यापेक्षा भित्रे.

“मंग उचल,” म्हणाले.

मुलगी दाखवताना लोक शेजाऱ्यांकडून सोफा मागून आणतात. आम्ही आमचा सोफा सकाळीच शेजारी सेवककाकांकडे नेऊन ठेवला. मागोमाग फ्रीजही.

“काऊन रे बाबू, घर सोडून चालले का?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू. पाहुणे येऊन राहिले.”

काकूंनी सामानाला जागा करून दिली.

ताई पार्लरमधून परतली आणि तिच्यामागे लगेच पाहुण्यांची गाडी आली. तिने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलायला वेळच नव्हता.

पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. मुलगा शांत, चष्मेवाला. मी कसंबसं विचारलं, “तुम्ही छापे टाकता का?”

“नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “मी कंपन्यांचा वकील. त्यांच्या बाजूने टॅक्स खात्याशी भांडतो. लोकांच्या घरात माझं काही काम नसतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

तेवढ्यात मुलाच्या आईने थंड पाणी मागितलं. आता कुठून आणणार? काकू दारातच होत्या. मदत म्हणून त्या पाहुणीला सरळ आपल्या घरी घेऊन गेल्या. परत आल्यावर पाहुणीचा चेहरा खुलला होता. त्यांनी आईला हळूच विचारलं, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

“शेजारचे लोक बरे दिसतात. दोन सोफे, दोन फ्रीज. त्यांना लग्नाची मुलगी आहे का हो?”

आईने पोह्यांच्या बशा तशाच खाली ठेवल्या. मला वाटलं, ताईचं लग्न मी माझ्या हाताने उचलून शेजारी ठेवून आलो.

“मुलगी आहे ना,” ताई म्हणाली. “मीच. त्यातला एक सोफा अन् एक फ्रीज आमचा. तुमच्या मुलाच्या भीतीनं माह्या भावानं तिकडं नेऊन ठेवला.”

तो वकील इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“यांची केस मी घेतो,” तो म्हणाला. “पण भाऊ, उद्यापासून पावती द्यायला लागा.”

लग्न झालं. मी पावती देतो. आता येत्या रविवारी मुलीकडचे आमचं घर पाहायला येणार आहेत, माझ्यासाठी. काय तयारी करू म्हणून ताईला फोन केला.

“सामान जिथल्या तिथं राहू दे बाबू,” ती म्हणाली. “तू तेवढा काकूकडं जाऊन बस.”