सहा दिवसांचा एक आकडा

संस्थेत सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नोंदवहीत एकही रेघ मोकळ्या हाताने ओढली नव्हती. काकांना शिंक आली तरी ती समास सोडून येते, असे शिपाई म्हणे. काका ते ऐकत आणि त्यांना ते मनातून आवडे.

माणूस वाढतो, पिकतो, थकतो, म्हणजे नेमके काय होते, याचा शोध घेणे हे त्या संस्थेचे काम. आठ वर्षांचा, तिशीतला आणि साठीतला अशी माणसे एकाच दिवशी तपासता येतात. पण ती निरनिराळ्या काळात वाढलेली असल्यामुळे दिसणारा फरक वयाचा की काळाचा, हे उमगत नाही. म्हणून संस्थेने दोनशे मुले निवडली आणि दरवर्षी त्यांनाच बोलावले. सलग सहा दिवस, रोज सकाळी, आकड्यांची एक ओळ ऐकायची आणि न चुकता परत म्हणून दाखवायची. जितके आकडे जमत, तितके त्या दिवसाच्या चिठ्ठीवर लिहिले जात. सहा चिठ्ठ्यांची सरासरी काढून पट्टीकाका वहीत एकच आकडा उतरवीत.

त्या दोनशेंत काकांची धाकटी बहीण होती. पहिल्या वर्षी एक मूल कमी पडले, तेव्हा काकांनीच आठ वर्षांच्या तिला हाताला धरून नेले होते. काका निवृत्त झाले त्या वर्षापर्यंत ती येत राहिली. पुढे तो अभ्यासच थांबला.

आता ती चोपन्न वर्षांची होती आणि तीस वर्षे एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी होती. डॉक्टरांचे जे अक्षर खुद्द डॉक्टरांना लागत नसे, ते तिला लागे. पण गेल्या तीन महिन्यांत दोनदा तिच्या हातून दुप्पट ताकदीच्या गोळ्यांची पट्टी दिली गेली. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाच्याच लक्षात आले, म्हणून निभावले. मालक भला माणूस. त्याने आवाज चढवला नाही. तिला आतल्या खोलीत खोकी लावायला बसवले आणि महिनाअखेरपर्यंत तपासून घ्यायला सांगितले. मूळचाच धांदरटपणा असेल तर दोघांनी मिळून पट्ट्या पडताळू, पण काही नवे सुरू झाले असेल तर काउंटर देता येणार नाही, इतके मात्र त्याने स्पष्ट केले.

काका तिला आपल्याच संस्थेत घेऊन गेले. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम एके काळी विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या आणि तक्ते आखायला काकांकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी बहिणीला चार सकाळी तपासले. सात, चार, आठ, चार. काकांनी मनातल्या मनात सरासरी काढली, पावणेसहा. वयाच्या मानाने ठीक. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मॅडमचा पडला नव्हता. "काका, सरासरी चांगलीच आहे. मला हे हेलकावे बघायचे आहेत. त्या पहिल्यापासून अशाच असतील, तर तो त्यांचा पिंड. हेलकावे नवे असतील, तर कदाचित घसरणीची सुरुवात. इतरांशी तुलना करून हे कळणार नाही, त्यांची त्यांच्याशीच करावी लागेल. जुन्या चिठ्ठ्या काढून द्याल?"

काका उठले. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. दोन मिनिटांत सापडली, कारण ती त्यांनीच लावलेली होती. आत त्यांचाच अर्ज होता: चिठ्ठ्यांतील आकडे परस्परांशी जुळत नसून गबाळे दिसतात, सरासरी वहीत उतरवलेली आहे, सबब चिठ्ठ्या काढून टाकून जागा मोकळी करावी. खाली तेव्हाच्या संचालकांची सही. अकरा पोती लगद्याला गेली होती. दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ.

अर्जात नसलेली एक गोष्ट केवळ काकांना ठाऊक होती. एखादी चिठ्ठी इतरांपासून फारच दूर गेली, तर ती चूक समजून ते वगळीत आणि पाचांचीच सरासरी काढीत. तसे कोणी सांगितले नव्हते. वही नीट दिसावी, एवढाच हेतू. पहिल्याच वर्षी बहिणीला रोज पाच जमत असताना बुधवारी दोनच जमले होते. घरी परतताना ती त्यांची बाही ओढून म्हणाली होती, दादा, आजचा दिवस धरू नकोस ना. त्यांनी तो धरला नव्हता. असे बुधवार पुढेही आले होते का? दरवर्षी? की तो एकच? काकांना काही केल्या आठवेना.

तरीही ते मॅडमना म्हणाले, "ती लहानपणापासून अशीच आहे."

"कुठल्या वर्षी, काका? किती वेळा?"

काकांकडे आकडा नव्हता.

"भावाची आठवण मला पुरावा म्हणून लिहिता येत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "हे तुम्हीच शिकवलंत."

उरला एकच मार्ग. नव्याने चाळीस सकाळी तपासायचे, प्रत्येक दिवस वेगळा ठेवायचा, सरासरी काढायची नाही. त्यातून आज ती किती हेलकावते ते दिसेल आणि घसरण पुढे वाढली तर तीही दिसेल. पण हे सारे केव्हापासून, ते दिसणार नव्हते. महिना संपायला नऊ दिवस उरले होते आणि मालकाने नव्या मुलीला काउंटरचे काम दाखवायला सुरुवात केली होती.

नोंद दादानेच करावी, असा बहिणीने हट्ट धरला. प्रत्येक चिठ्ठी स्वतः पडताळीन, या अटीवर मॅडमनी ते मानले.

पहिल्या सकाळी सात आले. दुसऱ्या सकाळी सहा. तिसऱ्या सकाळी तीन आकडे कसेबसे जमले, मग मॅडमनी चार आकड्यांची ओळ वाचली. बहिणीने तोंड उघडले, छताकडे पाहिले आणि मान हलवली. दुसरी ओळ वाचली. पुन्हा तेच. मॅडमनी कागद खाली ठेवला.

बहीण काकांकडे वळून थोडी हसली. "दादा, आजचा दिवस धरू नकोस."

मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. काकांनी चिठ्ठी पुढे ओढली, समासाला पट्टी लावली, तारीख घातली. मग तीनचा आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले.